महसूल दुप्पट, तरी शेअर खाली : एनव्हिडियाच्या ऑगस्ट २०२४ च्या निकालाचे प्रकरण

२८ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकी बाजार बंद झाल्यावर एआयसाठीच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाने जुलैअखेर संपलेल्या तिमाहीचा निकाल जाहीर केला. महसूल ३०.०४ अब्ज डॉलर, म्हणजे वर्षभरापूर्वीच्या तिमाहीपेक्षा १२२ टक्के जास्त. डेटा सेंटरचा वाटा त्यात २६.२७ अब्ज. प्रति शेअर कमाई, समायोजित हिशेबाने (काही खर्च वगळून), ६८ सेंट. विश्लेषकांची सरासरी अपेक्षा ६४ सेंटची होती. पुढच्या तिमाहीसाठी कंपनीने ३२.५ अब्जांचे गायडन्स, म्हणजे महसुलाचा स्वतःचा अंदाज, दिले, दोन टक्के इकडे-तिकडे. जोडीला ५० अब्ज डॉलरचा बायबॅक, म्हणजे स्वतःच्याच शेअरची फेरखरेदी. दुसऱ्या दिवशी शेअर १२५.६१ वरून ११७.५९ वर आला. एका सत्रात ६.४ टक्के.

‘चांगल्या बातमीवर नफावसुली झाली’ असे म्हणून हे प्रकरण मिटवता येते आणि बहुतेकांनी ते तसेच मिटवले. पण निकालाच्या कागदपत्रांतच घसरणीची कारणे मांडलेली होती. ती दोन पदरी आहेत. एक पदर कंपनीने लावलेल्या सवयीचा, दुसरा मार्जिनचा. स्पर्धेचा प्रश्न या दुसऱ्या पदरात दडलेला आहे.

सवय कशी लागली

मे २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या तिमाहीसाठी ११ अब्जांचे गायडन्स दिले, तेव्हा बाजार ७ अब्जांच्या आसपासच्या आकड्याची वाट पाहत होता. शेअर एका दिवसात २४ टक्क्यांनी वर गेला. तिथून पुढच्या पाच तिमाह्या अशा (आकडे अब्ज डॉलरमध्ये, तिमाही ज्या महिन्यात संपली तो महिना):

| तिमाही | गायडन्स | प्रत्यक्ष | वरकड | वरकड टक्क्यांत |
|---|---|---|---|---|
| जुलै २०२३ | ११.० | १३.५१ | २.५१ | २२.८ |
| ऑक्टोबर २०२३ | १६.० | १८.१२ | २.१२ | १३.३ |
| जानेवारी २०२४ | २०.० | २२.१० | २.१० | १०.५ |
| एप्रिल २०२४ | २४.० | २६.०४ | २.०४ | ८.५ |
| जुलै २०२४ | २८.० | ३०.०४ | २.०४ | ७.३ |

चौथा रकाना खालपर्यंत वाचत जा. कंपनीचा आकार दुपटीहून जास्त झाला, पण गायडन्सवर पडणारी भर दोन अब्जांपाशीच अडून राहिली. आमच्या मते याचे कारण मागणीत नसून पुरवठ्यात आहे. या काळात विक्री किती होणार हे ठरत होते एनव्हिडियाच्या चिप बनवून देणाऱ्या टीएसएमसीकडून मिळणाऱ्या कोवॉस पॅकेजिंगवर (चिप आणि मेमरी एकत्र बसवण्याच्या तंत्रावर) आणि एचबीएम या वेगवान मेमरीवर. दोन्हींची मागणी बरीच आधी नोंदवावी लागते. त्यामुळे तिमाही सुरू होतानाच कंपनीला आपल्या हाती किती माल येणार याचा बऱ्यापैकी अंदाज असतो; गायडन्समध्ये ती थोडी गादी ठेवते आणि ती गादी दर वेळी सारख्याच जाडीची निघते.

पाच तिमाह्या हे पाहिल्यावर बाजाराने गादी आपल्याच खात्यात जमा करून टाकली. ३२.५ चे गायडन्स आले की वाचणारा मनातल्या मनात ३४.५ लिहितो. छापील सरासरी अंदाज ३१.८ च्या आसपास होता, म्हणून वर्तमानपत्री मथळ्यात कंपनी ‘अपेक्षेच्या वर’ राहिली. मोठे फंड मात्र ज्या आकड्यावर सौदे करत होते तो ३३ च्या वर होता आणि सर्वात आशावादी विश्लेषकाचा अंदाज तर ३७ अब्जांच्याही पुढे गेलेला होता. सरासरी अंदाज हा तसाही शिळा आकडा असतो. विश्लेषक तो बऱ्याचदा निकालाच्या दिवसापर्यंत खालीच ठेवतात, कारण कंपनी त्याच्या वर गेली तर त्यांची शिफारसही बरोबर दिसते.

शेअरची चालही हेच सांगत होती. ७ ऑगस्टला भाव ९९ डॉलरच्या जवळ बंद झाला होता. निकालाच्या दिवशी १२५.६१. तीन आठवड्यांत २७ टक्के. ३२.५ अब्जांची बातमी येण्याआधीच तिचे पैसे वसूल झालेले होते.

ऑप्शनच्या बाजारात निकालानंतरच्या हालचालीची किंमत सुमारे १० टक्के लावलेली होती. ती काढायची रीत साधी आहे: निकालानंतर लगेच संपणाऱ्या मुदतीचा, चालू भावाच्या सर्वात जवळच्या स्ट्राइकचा (ठरलेल्या भावाचा) कॉल, म्हणजे खरेदीचा हक्क, आणि पुट, म्हणजे विक्रीचा हक्क, दोन्हींच्या प्रीमियमची (किमतीची) बेरीज करायची आणि तिला शेअरच्या भावाने भागायचे. प्रत्यक्षात हालचाल झाली ६.४ टक्के. म्हणजे पुट घेऊन दिशा बरोबर ओळखणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या हाती फारसे लागले नाही, कारण निकाल लागताच प्रीमियममधली अनिश्चिततेची हवा निघून जाते. कॉल आणि पुट दोन्ही घेऊन बसलेल्यांचे नुकसानच झाले.

बायबॅकचा आकडा मोठा दिसतो, पण ३ लाख कोटी डॉलरच्या बाजारमूल्यावर ५० अब्ज म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. त्याने काही बदलायचे नव्हते.

मार्जिनचा पदर

एप्रिलच्या तिमाहीत समायोजित ग्रॉस मार्जिन (माल बनवण्याचा खर्च वजा जाता महसुलातला उरणारा भाग) ७८.९ टक्के होते. जुलैच्या तिमाहीत ७५.७. पुढच्या तिमाहीसाठी गायडन्स ७५.०, अर्धा टक्का इकडे-तिकडे, आणि पूर्ण वर्षासाठी ‘सत्तरीच्या मध्यावर’. दोन तिमाह्यांत जवळपास चार टक्क्यांची उतरण. ३२.५ अब्जांच्या तिमाहीत मार्जिनचा एक टक्का म्हणजे साडेबत्तीस कोटी डॉलर, म्हणून हा रकाना महसुलापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचायला हवा होता.

उतरणीचे एक कारण ब्लॅकवेल, कंपनीची येऊ घातलेली नवी चिप. ही चिप दोन मोठ्या डाय (सिलिकॉनचे तुकडे) जोडून बनते: मिळून २०८ अब्ज ट्रान्झिस्टर, दोन्ही डायांमध्ये सेकंदाला १० टेराबाइटची जोडणी आणि हे सगळे टीएसएमसीच्या कोवॉस-एल या नव्या पॅकेजिंगवर बसवलेले. उशीर होणार अशा बातम्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच आल्या होत्या. निकालात कंपनीने कबूल केले की यील्ड, म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीमागे (वेफरमागे) निघणाऱ्या चांगल्या चिपचे प्रमाण, सुधारण्यासाठी चिपचा मास्क, म्हणजे तिचा नकाशा उमटवायचा साचा, बदलावा लागला. चिपच्या कामकाजात बदल करावा लागला नाही, असेही सांगितले. चिप चालत होती, पण वेफरमागे चांगले नग कमी निघत होते. पुढे ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ही रचनेतली चूक पूर्णपणे एनव्हिडियाची होती, टीएसएमसीची नव्हे, असे जाहीरपणे म्हटले.

मास्क बदलणे हे सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती काढण्यासारखे नसते. नवा मास्क बनतो, त्यावर वेफर पुन्हा चालवावे लागतात, इतक्या पुढारलेल्या तंत्रावर एका वेफरला कारखान्यातून बाहेर पडायला काही महिने जातात आणि त्यानंतर पॅकेजिंग व चाचणी. आधीच्या मास्कवर निघालेला कमी यील्डचा माल खर्चात टाकावा लागतो. जुलैच्या तिमाहीत साठ्यासाठी केलेल्या तरतुदी ९० कोटी डॉलरवर गेल्या. हा सगळाच बोजा ब्लॅकवेलचा नव्हता, पण कमी यील्डच्या ब्लॅकवेल मालाचा उल्लेख कंपनीने स्वतः केला. महसुलाच्या मानाने ही रक्कम तीन टक्के होते. मार्जिनची घसरगुंडी किती झाली ते वर पाहिलेच आहे.

प्रश्न इतकाच की ही उतरण तात्पुरती की कायमची? नव्या उत्पादनाच्या सुरुवातीला यील्ड कमी असते, पुढे ते सुधारते. हे या धंद्यात नेहमीचे आहे. पण मार्जिन दुसऱ्या कारणानेही खाली येते, ते म्हणजे भाव टिकवता न येणे. एकाच आकड्यात ही दोन्ही कारणे मिसळतात आणि बाहेरून वेगळी करता येत नाहीत. स्पर्धेबद्दलची सगळी चर्चा खरे तर इथून सुरू व्हायला हवी.

स्पर्धा शिरते कुठून

सर्वसाधारण चर्चा बाजारहिश्श्याची होते: प्रतिस्पर्धी चिप कंपनी एएमडी किती टक्के खाणार, गूगलची चिप किती खाणार. हिश्श्याच्या बाजूने पाहिले तर ऑगस्ट २०२४ मध्ये काळजीचे कारण दिसत नव्हते. एएमडीने २०२४ च्या पूर्ण वर्षासाठी डेटा सेंटर जीपीयूच्या (एआयचे गणित करणाऱ्या चिपच्या) विक्रीचा अंदाज साडेचार अब्ज डॉलर ठेवला होता. एनव्हिडियाची डेटा सेंटरची विक्री त्या तिमाहीत आठवड्याला दोन अब्ज चालली होती. प्रतिस्पर्ध्याचे अख्खे वर्ष म्हणजे हिचे सव्वादोन आठवडे.

पण शेअरच्या भावात काय गृहीत धरले आहे, ते उलट्या बाजूने मांडून बघितले की चित्र बदलते. १२५.६१ भाव. ६८ सेंटची तिमाही कमाई चारने गुणली तर २.७२ डॉलर, म्हणजे पी/ई (भाव भागिले वार्षिक कमाई) सुमारे ४६. समजा गुंतवणूकदाराला पाच वर्षे दरसाल १० टक्के परतावा हवा आहे. भाव २०२ वर जायला हवा. तोवर कंपनी मोठी आणि संथ झालेली असेल, पी/ई २५ धरू. मग प्रति शेअर कमाई ८.०९ डॉलर लागेल, तेव्हाच्या तिप्पट, म्हणजे दरसाल सुमारे २४ टक्के वाढ. २४.८ अब्ज शेअर धरले तर निव्वळ नफा २०० अब्ज डॉलर.

इथवर हे हिशेब सगळेच करतात. पुढची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. त्या तिमाहीत समायोजित निव्वळ नफा महसुलाच्या ५६ टक्के होता. तेच प्रमाण टिकले तर २०० अब्ज नफ्यासाठी साधारण ३५५ अब्जांचा महसूल लागतो. स्पर्धेमुळे निव्वळ प्रमाण ४० टक्क्यांवर आले, जे चिपच्या धंद्यात अजूनही फारच उत्तम मानले जाईल, तर त्याच नफ्यासाठी महसूल ५०० अब्जांवर लागतो. एकही ग्राहक न गमावता, केवळ भाव ढिले करावे लागल्याने, चढायची टेकडी दीडशे अब्जांनी उंच होते. प्रतिस्पर्ध्याला बाजार जिंकायची गरज नाही. खरेदीच्या बैठकीत ग्राहकाच्या हाती दुसरे कोटेशन असले की पुरे.

आता दुसरे कोटेशन कितपत खरे होते ते पाहू. एएमडीची एमआय३००एक्स ही चिप डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यात १९२ गीगाबाइट एचबीएम मेमरी, एनव्हिडियाच्या एच१०० मध्ये ८०. हा फरक कुठे कामाला येतो? ७० अब्ज पॅरामीटरचे मॉडेल १६ बिटमध्ये, म्हणजे दर पॅरामीटरला दोन बाइट धरून, ठेवायला १४० गीगाबाइट लागतात. एका एच१०० मध्ये ते मावत नाही, दोन लागतात; एका एमआय३००एक्समध्ये मावून वर ५० गीगाबाइट वापरकर्त्यांच्या चालू संभाषणांसाठी उरतात. मेटाच्या लामा ३.१ चे ४०५ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल घ्या: ८१० गीगाबाइट. आठ एच१०० चा संच ६४० वर संपतो, आठ एमआय३००एक्सचा संच दीड हजारावर जातो. एनव्हिडियाची एच२०० चिप १४१ गीगाबाइट घेऊन आली. ७० अब्जांचे मॉडेल तिच्यात बसते, पण खेटून.

म्हणजे तयार मॉडेल चालवण्याच्या कामात, ज्याला इन्फरन्स म्हणतात, पर्याय खरा होता. आणि मागच्या चार तिमाह्यांत डेटा सेंटरच्या महसुलाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग इन्फरन्सचा होता, असे एनव्हिडियानेच सांगितले होते.

मॉडेल शिकवण्याचे काम मात्र निराळे. तिथे हजारो चिप एकाच वेळी एकमेकींशी बोलतात आणि एका चिपच्या मेमरीपेक्षा जाळे महत्त्वाचे ठरते. २०२० मध्ये मेलानॉक्स ही नेटवर्किंग कंपनी विकत घेऊन एनव्हिडियाने हे जाळे घरात आणले. जुलैच्या तिमाहीत नेटवर्किंगची विक्रीच ३.६७ अब्ज होती. वर कुडा, एनव्हिडियाच्या चिपवर प्रोग्रॅम लिहिण्याचे तिचे सॉफ्टवेअर. २००७ पासून लोकांनी त्यावर लिहिलेला कोड, त्यातल्या चुका शोधून केलेल्या दुरुस्त्या, जुळवलेली लायब्ररी. एएमडीचे तसेच सॉफ्टवेअर, आरओसीएम, जवळपास दहा वर्षे उशिरा सुरू झाले. चिप कागदावर सरस असूनही प्रत्यक्षात मागे पडते ती इथे: गणिताचा एखादा तुकडा त्या चिपसाठी घासूनपुसून लिहिलेला नसतो आणि कागदावरच्या वेगाचा निम्माही पदरात पडत नाही.

आम्हाला स्वतःला एएमडीपेक्षा ग्राहकांचीच स्पर्धा जास्त गंभीर वाटते. गूगल २०१५ पासून आपल्या डेटा सेंटरमध्ये टीपीयू ही स्वतःची चिप वापरते आहे आणि तिची घडण ब्रॉडकॉम या चिप कंपनीच्या साथीने होते. तशाच स्वतःच्या चिप अॅमेझॉनची ट्रेनियम, मायक्रोसॉफ्टची माया, मेटाची एमटीआयए. अॅपलने जुलै २०२४ मध्ये आपली मॉडेल गूगलच्या टीपीयूवर शिकवल्याचे सांगितले, तेव्हा शिकवण्याचे कामही कुडाबाहेर होऊ शकते याला मोठ्या नावाचा पुरावा मिळाला. त्या तिमाहीत डेटा सेंटरच्या महसुलाचा सुमारे ४५ टक्के भाग क्लाउड कंपन्यांकडून आला होता आणि थेट खरेदी करणाऱ्या चारच ग्राहकांकडून एकूण महसुलाचे ४६ टक्के.

हे ग्राहक स्वतःची चिप का करतात ते ७५ टक्क्यांच्या मार्जिनमध्येच लिहिलेले आहे. शंभर रुपयांच्या मालात बनवण्याचा खर्च पंचवीस. घडणीत साथ देणाऱ्या कंपनीचा नफा आणि आपल्या अभियंत्यांचे पगार धरून ग्राहकाला तीच क्षमता पन्नासात पडली, तरी बिल निम्मे होते. अट एकच, त्या एका रचनेचे नग पुरेसे मोठ्या संख्येने लागले पाहिजेत, नाहीतर घडणीचा एकदाचा खर्च अंगावर येतो. इतके नग लागणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत आणि त्या सगळ्या एनव्हिडियाच्या वहीत सर्वात वरच्या ओळींवर आहेत.

तूर्त मात्र हेच ग्राहक दोन्ही हातांनी खर्च करत होते. एप्रिल ते जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा भांडवली खर्च भाडेपट्ट्यासह १९ अब्ज, गूगलची पालक कंपनी अल्फाबेटचा १३ अब्ज, मेटाचा साडेआठ. कमी गुंतवणूक करण्याचा धोका जास्त गुंतवणूक करण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, असे अल्फाबेटचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी जुलैमध्ये म्हटले होते. तोवर ठीक. पण ही मागणी ग्राहकाच्या गरजेइतकीच त्याच्या भीतीवरही उभी होती, आणि भीती तिमाहीगणिक बदलू शकते.

मागणी अचानक आटली तर काय होते हे एनव्हिडियाच्या भागधारकांना नवे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ८.१ अब्जांच्या गायडन्सवर ६.७ अब्जच आले, साठ्यासाठी सव्वा अब्जाहून जास्त तरतूद करावी लागली आणि ग्रॉस मार्जिन ४३.५ टक्क्यांवर घसरले. तेव्हा दुखणे गेमिंग कार्डांचे होते. जुलै २०२४ अखेर पुरवठादारांना दिलेली खरेदीची आणि क्षमतेची बांधिलकी सुमारे २८ अब्ज डॉलर होती. मागणी असेपर्यंत ही बांधिलकी ताकद असते. मागणी सरकली की तीच तरतुदीच्या रकान्यात उतरते.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी काय लिहून ठेवावे

अशा शेअरमध्ये निकालाआधी चार आकडे कागदावर असावेत. कंपनीच्या गायडन्समध्ये मागच्या चार तिमाह्यांची सरासरी वरकड मिळवून येणारा महसूल. अपेक्षा म्हणून हाच धरायचा, छापील सरासरी नव्हे. पुढच्या तिमाहीच्या ग्रॉस मार्जिनचे गायडन्स आणि मागच्या तिमाहीपासूनचा त्याचा फरक. साठा आणि पुरवठ्याची बांधिलकी यांची वाढ महसुलाच्या वाढीहून जास्त आहे का. आणि ऑप्शनमधून निघणारी हालचाल, जी आपल्या एकूण गुंतवणुकीवर उलटी लागली तर किती रक्कम जाते ते रुपयांत किंवा डॉलरमध्ये. हा शेवटचा आकडा पाहून झोप उडत असेल तर शेअर निकालाआधी कमी करायचे, निकालानंतर घाईत नाही.

वर्षागणिक वाढीचा टक्का मात्र या कागदावर नको. जुलै २०२३ पासून तुलनेचा पायाच उंच झाला होता. ३२.५ अब्ज आले असते तरी वाढ ७९ टक्के दिसली असती, आदल्या तिमाहीत ती १२२ होती. ‘वाढ मंदावली’ हा मथळा कॅलेंडरवर आधीच छापलेला होता.

पुढे काय झाले

३ सप्टेंबरला, अमेरिकी कारखानदारीचे कमकुवत आकडे आले त्या दिवशी, शेअर साडेनऊ टक्क्यांनी पडला आणि २७९ अब्ज डॉलरचे बाजारमूल्य गेले. एका कंपनीने एका दिवसात गमावलेली तोवरची ती सर्वात मोठी रक्कम. कंपनीकडून त्या दिवशी नवा आकडा आलेला नव्हता.

हा आजार एकट्या एनव्हिडियाचा नव्हता. ऑक्टोबरअखेर एएमडीने आपला जीपीयूचा वार्षिक अंदाज साडेचारवरून ५ अब्जांवर नेला आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. वर्षभर अंदाज २ वरून साडेतीन, ४, साडेचार असा वाढत आला होता. अर्ध्या अब्जाची पायरी बाजाराने आधीच मोजून ठेवली होती.

नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने ३५.०८ अब्ज दाखवले, गायडन्सहून २.५८ अब्ज वर. शेअर जवळपास जागचा हलला नाही. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीचे स्वस्तात शिकवलेले मॉडेल चर्चेत आले आणि शेअर एका दिवसात १७ टक्के कोसळला. इथे स्पर्धा दुसऱ्या चिपची नव्हती. तेवढ्याच कामाला कमी चिप पुरतील, ही शंका होती.

२६ फेब्रुवारीचा निकाल ऑगस्टच्या भीतीची परीक्षा घेणारा होता. ऑगस्टमध्ये ‘काही अब्ज’ म्हणून सांगितलेला ब्लॅकवेलचा महसूल त्या एका तिमाहीत ११ अब्ज निघाला. उशिराची भीती खोटी ठरली. एकूण महसूल ३९.३३ अब्ज, गायडन्सहून १.८३ अब्ज जास्त, म्हणजे ४.९ टक्के, वरच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीहून कमी. समायोजित मार्जिन ७३.५ वर आले होते आणि पुढच्या तिमाहीचे गायडन्स ७१ चे होते. दुसऱ्या दिवशी शेअर साडेआठ टक्क्यांनी उतरून १२०.१५ वर बंद झाला. सहा महिन्यांत तिमाही महसूल ३१ टक्क्यांनी वाढला होता, प्रति शेअर कमाई ६८ वरून ८९ सेंटवर गेली होती आणि भाव ऑगस्टच्या निकालाआधीच्या भावाहून साडेपाच डॉलर खाली होता. तिमाही कमाई चारने गुणून काढलेला पी/ई ४६ वरून ३४ वर आला होता.